सहा रेघा

रामजी तायडेला चिनी भाषेतलं एकच अक्षर येत होतं, आणि नेमकं तेच त्याच्या मुळावर आलं. ते आलंच नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे शंभरदा वाटलं. पण असं वाटून कुठं भागतं? जे कळलं ते कळलं.

रामजी मूळचा बाळापूरचा. अकोल्यात आयटीआय केली, दोन वर्षं पुण्यात एका कारखान्यात काढली आणि बहरीनला आला, तो अकरा वर्षं झाली तरी इथंच. उम्म अल हस्सममध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको भागीरथा, सातवीतली मुलगी श्रावस्ती. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. कामाला तो सीफमध्ये होता, एका नव्या काचेच्या टॉवरवर. टॉवर बांधून झाला होता, मालकाच्या ताब्यात द्यायचा राहिला होता, आणि तोवर त्याची देखभाल करणाऱ्या कंपनीत रामजी सुपरवायझर.

एवढ्या काचा पुसायच्या म्हणजे गच्चीवरून तारेच्या रश्शांनी एक लोखंडी पेटी खाली सोडतात. माणूस त्यात उभा राहून काचा पुसत पुसत उतरतो. इंग्रजीत तिला क्रेडल म्हणतात, म्हणून रामजी सरळ पाळणाच म्हणायचा. या टॉवरचा पाळणा चिनी कंपनीचा होता आणि तो बसवायला, तपासायला चीनहून एक माणूस आला होता, लियांग. पन्नाशी ओलांडलेला, कँटनकडचा, सुकल्या खारकेसारखा अंगानं. आखातात नऊ वर्षं काढलेली, त्यामुळे इंग्रजी बेताचं पण हिंदी-अरबीची भेळ झकास. "मोटर गुड, रस्सा गुड, काम खलास, चाय यल्ला," असं एका दमात म्हणायचा. रामजीचं त्याच्याशी गूळपीठ जमलं. दोघंही डब्यातलं वाटून खायचे. भागीरथाच्या ठेच्यानं लियांगच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी तो बोट चाटायचा.

अक्षराची गोष्ट श्रावस्तीपासून सुरू झाली. तिच्या शाळेत प्रकल्प होता, 'जगातल्या लिप्या'. प्रत्येकानं एक अक्षर निवडायचं, ते आलं कुठून, त्याचे अर्थ काय, कोण कसं उच्चारतं, हे सगळं शोधून तक्ता करायचा. पोरीनं बापाला गळ घातली, "बाबा, तुझ्या त्या चायनीज अंकलला विचार ना." म्हणजे बाबा आणि ना एवढं मराठी, बाकी सगळं इंग्रजीतच. तिचं ते नेहमीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी रामजीनं विचारलं. लियांगनं इकडंतिकडं बघितलं आणि पाळण्याच्या मोटरच्या खोक्यावर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "ये लो. अच्छा अक्षर. सिर्फ छह लाइन." मग खिशातून खडू काढून जमिनीवर एकेक रेघ ओढून दाखवली. पहिल्या दोन रेघा म्हणजे वाकलेला माणूस. पुढच्या दोन म्हणजे कडा, डोंगराचा तुटलेला कडा. माणूस कड्यावर उभा आहे आणि घाबरला आहे. हजारो वर्षांपूर्वी उंचावर उभं राहून भ्यायला हे अक्षर होतं. मग त्याचा अर्थ झाला धोका. जुन्या पुस्तकांत नुसतं उंच असाही अर्थ, ताठ बसणं असाही अर्थ, आकाशातल्या एका नक्षत्राचं नावही तेच.

"और हॉस्पिटल में," लियांग म्हणाला, "मेरा बाप बीमार, डॉक्टर कागज दिया. उसमें ये अक्षर. मतलब, आदमी अब जाएगा. उस दिन मैं ये अक्षर असली में पढ़ा."

"और ये नीचे?" रामजीनं शेवटच्या दोन रेघांकडे बोट केलं. कड्याखाली काहीतरी गुडघे मुडपून बसलं होतं.

"ये भी आदमी. नीचे वाला." लियांग हसला. "स्कूल में मास्टर बोला, नीचे वाला चिल्लाता है, उतरो, उतरो. मेरा बाप बोला, मफी, वो चिल्लाता नहीं, वो गिर गया."

उच्चार विचारला तर म्हणाला, सरकारी भाषेत 'वेई', पण आमच्या घरी 'ङाय'. रामजीला तो ङ ऐकून मौजच वाटली. आपल्या मुळाक्षरांत हा ङ बिचारा जन्मभर बाकावर बसून असतो, मुलं पाठ करतात आणि विसरतात, एक वाङ्मय सोडलं तर शब्द त्याच्या वाट्याला नाही. आणि तिकडं एका अख्ख्या मुलखाची भीती त्याच्यावाचून तोंडातून निघत नाही! घरी येऊन त्यानं श्रावस्तीला ङाय म्हणून दाखवलं, तिनं दहादा म्हणून पाहिलं, आणि बापलेक हसून हसून बेजार झाले. रामजीनं तिला वरच्या माणसाचं सांगितलं, खालच्या माणसाचंही सांगितलं. पडलेला माणूस मात्र त्यानं गाळला. लेकराला कशाला भलतंच? खालचा माणूस ओरडून सांगतो, खाली उतर, एवढंच सांगितलं.

आता गुरुप्रसाद. गुरुप्रसाद हा टॉवरचा प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचा, माणूस हुशार आणि बोलण्यात साखर. त्याच्या केबिनमध्ये एक चौकट होती. दोन मोठी चिनी अक्षरं आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, की चिनी लोक संकट असा शब्द लिहितात तेव्हा धोका आणि संधी अशी दोन अक्षरं लिहितात. कंपनीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तो त्या चौकटीकडे हात करायचा. लियांगनं ती पहिल्यांदा बघितली तेव्हा रामजीला बाहेर येऊन म्हणाला, "पहला वाला सही, वेई. दूसरा वाला संधी नहीं. वो अक्षर मशीन में भी आता है. साहब को मत बोलना, खुश है बेचारा." रामजी पोट धरून हसला होता. तेव्हा हसायला काय जातंय!

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, चारच्या सुमारास, लियांगनं रामजीला गच्चीवर बोलावलं. पाळणा गच्चीवरच उभा होता. डाव्या बाजूच्या रश्शाच्या तारा एका जागी तुटून काट्यांसारख्या वर आल्या होत्या. लियांगनं हातमोजा त्यावरून फिरवला तर मोजा फाटला. "रस्सा मफी गुड. नया लगाना. तब तक कोई नहीं चढ़ेगा. लाल टॅग लाओ."

पाळणा बंद ठेवायचा तर त्याला लाल टॅग लावायचा, असा नियम. टॅग गुरुप्रसादच्या कपाटात असायचे, कारण टॅग लागला की त्याची खबर मालकाला द्यावी लागायची. आणि तोवर काय? लियांगची कामाची एक रीत होती. टॅग येईपर्यंत तो चालू-बंद करायच्या पेटीच्या झाकणावर खडूनं ते अक्षर लिहून ठेवायचा. त्यानं लिहिलं. हातभर मोठं, पांढरंशुभ्र, सहा रेघा अशा की बघत राहावं. रामजीनं खिशातून फोन काढला, त्याचा फोटो घेतला आणि तिथल्या तिथं श्रावस्तीला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझं अक्षर बघ, खरंखुरं कामावर.' पोरीनं तीन नाचणारी चित्रं पाठवली. मग तो टॅग आणायला खाली गेला.

गुरुप्रसादनं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलला.

"रामजी, उद्या सकाळी मालक येतोय. अख्खा टॉवर फिरून बघणार. आणि तू आज मला लाल टॅग मागतोस?"

"सर, रस्सा खराबच आहे. मी पाहिलाय."

"मी कुठं नाही म्हणतोय? गुरुवारी बदलू. तोवर पाळणा कोण वापरणार आहे? कुणी नाही. मग टॅग कशाला? लियांगला मी उद्या सनद भागातल्या आपल्या दुसऱ्या साइटवर पाठवतो, तिथं त्याचं काम आहेच. आणि हो, ते खडूचं चित्र पुसून टाक. मालक विचारेल हे काय, तर काय सांगणार तू? चिनी भाषा शिकवणार त्याला?"

रामजीनं थोडं 'पण' केलं, थोडं 'सर' केलं. मग ओलं फडकं घेऊन गच्चीवर गेला आणि पुसून टाकलं. लियांग खाली उतरलेला होता. पुसताना रामजीच्या मनात हेच होतं की खरंच कोण वापरणार आहे? तीन दिवसांचा तर प्रश्न. नोकरीत माणूस अशी किती फडकी मारतो. खडूचं पाणी झाकणावरून ओघळलं, तेही त्यानं नीट टिपून घेतलं. कामात तो मोठा टापटिपीचा!

मंगळवारी सकाळी दहा वाजता मालक आला. बरोबर सात-आठ माणसं. समोरच्या फरसबंदीवर उभं राहून सगळे वर बघत होते, गुरुप्रसाद हातवारे करत होता, आणि रामजी फाइल धरून चार पावलं मागं उभा होता. मालकानं चौदाव्या मजल्याकडे बोट केलं. काचेवर पक्ष्यांची घाण होती, लांबलचक पांढरा ओघळ. गुरुप्रसाद हसून म्हणाला, दहा मिनिटांत साफ, आणि फोन कानाला लावला.

काचा पुसणारा ताहिर हा मुलतानकडचा. बत्तीस वर्षांचा, कामाला वाघ. साहेबाचा फोन आला, पेटीवर टॅग नाही, खूण नाही, तो चढला. पट्टा बांधला होता त्यानं, पण तो पाळण्याच्याच कठड्याला अडकवलेला. पाळणा गच्चीच्या काठावरून बाहेर आला तेव्हा रामजीनं मान वर केली.

तेव्हाच त्याला कळलं, हे सांगून टाकू. पुढे त्यानं कितीही घोळ घातला तरी खरं हेच, की त्याला तेव्हाच कळलं. 'ताहिर, थांब,' एवढे दोन शब्द. गच्चीवरच्या पोरांना फोन करता आला असता, हात हलवता आला असता, बोंब मारता आली असती. पण चार पावलांवर मालक होता, गुरुप्रसाद होता, आणि रामजीला वाटलं, एकदाच तर आहे. एवढा रस्सा एका खेपेला थोडाच तुटतो. तो तोंड उघडून उभा राहिला आणि तोंडातून काही आलं नाही. पाळणा पंधराव्या मजल्यापर्यंत नीट आला. मग डावी बाजू खाली गेली, कठडा पट्ट्यासकट उखडला.

ताहिर ज्या आवाजानं पडला तो आवाज मी इथं लिहीत नाही. रामजीला तो रोज ऐकू येतो, तेवढं पुरे.

दुपारी गुरुप्रसादनं त्याला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. त्यानं ग्लास उचलला तर पाणी शर्टावर सांडलं.

"रामजी, ऐक. टॅग नव्हता. खूण नव्हती. लियांगनं आपल्याला काहीही सांगितलेलं नाही. पाळणा त्याचा, तपासणी त्याची. तू आणि मी, आपण मराठी माणसं आहोत. आपण एकमेकांना सांभाळून घ्यायचं."

बघा म्हणजे! सहा वर्षं एका कंपनीत काढून ज्याच्या घरचा चहा कधी प्यायला मिळाला नाही, दर वर्षी गणपतीला सगळ्या ऑफिसला बोलावणं आणि रामजीला नेमकी ड्यूटी, त्या माणसाच्या 'आपण'मध्ये रामजी त्या दिवशी पहिल्यांदा आला. त्याला हे कळलं नाही असं नाही. चांगलंच कळलं. पण डोळ्यांपुढे श्रावस्तीची शाळा होती, व्हिसा होता, बाळापूरला परत जाऊन काय करायचं हा प्रश्न होता. तो मान हलवून बाहेर आला. जिन्यात उभं राहून त्यानं फोनमधला तो फोटो पुसला.

बुधवारी चौकशीला बोलावलं. चौकशी अधिकारी इमाद, चाळिशीचा बहरीनी, शांत माणूस, हिंदी बऱ्यापैकी बोलणारा. टेबलाच्या एका बाजूला लियांग बसला होता. त्याच्या कंपनीनं केव्हाच हात वर केले होते. एका दिवसात माणूस वाळून गेला होता.

"ये बोलता है, इसने पेटी पर लिखा था और तुमको बोला था," इमाद म्हणाला. "सच है?"

रामजीनं उत्तर द्यायच्या आत लियांगनं टेबलावरचा कागद ओढला, पेन घेतलं आणि लिहिलं. सहा रेघा. कागद फिरवून रामजीसमोर सरकवला. त्या खोलीत ते अक्षर वाचू शकणारा दुसरा माणूस एकच होता.

"रामजी, तुम पढ़ो," लियांग म्हणाला. "तुम बोलो साहब को, क्या लिखा."

रामजीनं कागदाकडे बघितलं. वर वाकलेला माणूस, कडा, खाली गुडघे मुडपलेला माणूस.

"मुझे चायनीज नहीं आता, साहब," तो म्हणाला. "पेटी पर कुछ नहीं था. इसने मुझे कुछ नहीं बोला."

लियांग ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. तो रामजीकडे नुसता बघत राहिला, जसं काही आपल्यालाच ऐकू कमी येतंय. मग त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. रामजीनं निवेदनावर सही केली. लियांगला आतच ठेवून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी रामजीच्या घरी वंदना असायची. उम्म अल हस्सम आणि आसपासची सात-आठ बौद्ध कुटुंबं जमायची. मेणबत्त्या, अगरबत्ती, पांढरे कपडे, मग चहा आणि भागीरथाची भजी. वयानं मोठा म्हणून रामजी पुढं बसून म्हणायचा आणि बाकीचे त्याच्यामागून. अकरा वर्षांत एक शब्द अडला नव्हता. त्रिशरण झालं, पंचशीलाला सुरुवात झाली. पहिलं शील म्हणजे जीव न घेणं, तिथंच त्याचा आवाज बसला, तरी त्यानं रेटलं. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. रामजीनं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मंगळवारी राहिलं होतं तसंच.

लोकांना वाटलं, ठसका लागला. मागून प्रज्योत नावाच्या तरुण पोरानं सूर धरला आणि बाकीच्यांनी पुढं नेलं. रामजी हात जोडून बसून राहिला.

सगळे गेल्यावर भागीरथा भांडी तशीच टाकून त्याच्यापाशी येऊन बसली. "काहून थांबले तुमी?"

"घसा बसला."

"घसा मंगळवारपासून बसला तुमचा. मले काय डोळे नाहीत? चार दिस झाले, ताटातलं तसंच उठून राह्यले. त्या चिन्याचं नाव काढलं का तोंड फिरवता. काय केलं तुमी?"

रामजीनं सांगितलं नाही. भागीरथानंही पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिनं डब्यात ठेचा देणं बंद केलं, आणि रामजीनं तो मागितलाही नाही.

साइटवर सगळं अळीमिळी गुपचिळी. ताहिरचा मृतदेह मुलतानला गेला. गुरुप्रसाद रामजीच्या खांद्यावर हात टाकून चालायला लागला. बातमी होती की लियांगवर खटला होणार, आणि त्याची बायको रोज ऑफिसच्या नंबरावर फोन करते, पण तिची भाषा कुणाला कळत नाही. फोन वाजला की ऑपरेटर पोरगी हताश होऊन रामजीकडे बघायची. रामजी कानावर हात ठेवून बसला होता, दुसरं काय.

पुढच्या गुरुवारी दुपारी शाळेत प्रदर्शन होतं. रामजीला आठवणच नव्हती, श्रावस्तीनं त्याला आणि भागीरथाला ओढून नेलं. हॉलभर तक्ते लावलेले. मोडी, तमिळ, अरबी, ग्रीक. श्रावस्तीचा तक्ता खिडकीपाशी होता. मधोमध मोठ्ठा छापलेला फोटो, पेटीचं झाकण आणि त्यावर खडूनं लिहिलेलं अक्षर. त्यानं फोनमधून पुसलं होतं, पण पोरीच्या फोनमधून कोण पुसणार? खाली तिनं गोल अक्षरांत लिहिलं होतं, फोटो माझ्या बाबांनी काढला, त्यांच्या कामावर. तारीख होती. वेळही होती, चार वाजून चाळीस मिनिटं. पोरगी बापासारखीच टापटिपीची.

ती चारचौघांना इंग्रजीत समजावत होती. हे कड्यावरच्या घाबरलेल्या माणसाचं चित्र आहे. चीनमध्ये याला वेई म्हणतात, कँटनमध्ये ङाय, कोरियात वी, जपानमध्ये की, व्हिएतनाममध्ये ङुई. आवाज वेगळे, भीती एकच. बायका कौतुकानं माना डोलवत होत्या. त्या बायकांच्या मागं गुरुप्रसाद उभा होता. त्याची मुलगी स्पृहा श्रावस्तीच्याच वर्गात, हे रामजीला माहीत होतं आणि तरी तो विसरला होता.

गुरुप्रसादनं फोटो बघितला, तारीख बघितली, आणि हळूच रामजीशेजारी येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर हसू तसंच.

"काढून घे तो. आत्ता. पोरीला काहीतरी सांग. रामजी, तुझीही सही आहे त्या कागदावर, विसरू नकोस. बुडालो तर दोघं बुडू."

रामजी पुढं झाला. तक्त्याच्या पिना एकेक करून काढल्या आणि फोटो हातात घेतला. श्रावस्ती बघतच राहिली. "बाबा! व्हॉट आर यू डूइंग? टीचर हॅजन्ट गिव्हन मार्क्स येट!"

"चल, बेटा. जायचंय."

गुरुप्रसादनं सुटकेचा श्वास टाकला, तो रामजीनं ऐकला.

गाडीत भागीरथा पुढं, श्रावस्ती मागं मुसमुसत. रामजीनं चावी लावली पण गाडी सुरू केली नाही. फोटो मांडीवर होता. भागीरथानं तो उचलला, तारीख वाचली. तिला चिनी येत नव्हतं, पण मंगळवारच्या आधी सोमवार येतो एवढं तिला कळत होतं.

"हे होतं तिथं?" ती म्हणाली. "लिहेल होतं?"

"होतं."

"मंग गेलं कुठं?"

"मी पुसलं."

बाहेर शाळेच्या फाटकातून पोरं तक्ते घेऊन पळत होती. श्रावस्तीचं मुसमुसणं थांबलं होतं. सातवीतलं लेकरू, पण ताहिरची बातमी तिनं वाचली होती, बाबांच्याच टॉवरवर म्हणून वर्गात सगळ्यांनी विचारलं होतं. ती सीटच्या मधून पुढं वाकली आणि एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी पोर मराठीत म्हणाली, "बाबा, तो माणूस वर गेला तेव्हा तू खाली होता?"

"हो."

"तू म्हटला होता, खालचा माणूस ओरडतो. खाली उतर म्हणून. तू ओरडला का?"

रामजीला खूप काही सांगता आलं असतं. मालक होता, साहेब होता, तुझी शाळा होती. त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही ओरडलो, बेटा." आणि मग तो रडला, पोरीसमोर, बायकोसमोर, हुंदके देऊन.

भागीरथानं त्याला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही. रडणं ओसरल्यावर पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि समोर बघत म्हणाली, "गाडी घराकडं नका घेऊ. त्या चौकशीवाल्या साहेबाकडं घ्या. तो लियांग आठ दिस झाले बसला हाये तिथं."

"मलाही बसवतील, भागीरथा. परत पाठवतील. कदाचित पाठवणारही नाहीत."

"मले समजते ते," ती म्हणाली. "चला."

इमाद घरी निघायच्या बेतात होता. रामजीनं फोटो टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. रस्सा, टॅग, फडकं, गुरुप्रसाद, जिना, सगळं. इमादनं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यानं फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"उस दिन तुम बोला, चायनीज नहीं आता."

"एक ही अक्षर आता है, साहब."

इमादनं कोरा कागद पुढं केला. रामजीनं लिहिलं. रेघा वेड्यावाकड्या आल्या, पण क्रम चुकला नाही. आधी माणूस, मग कडा, मग खालचा. इमादनं जुनं निवेदन काढलं, नवं लिहायला घेतलं, आणि रामजीचं ओळखपत्र मागून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग फोन करून कुणाला तरी अरबीत काहीतरी सांगितलं. त्यात लियांगचं नाव होतं.

अर्ध्या तासानं दोन शिपाई लियांगला घेऊन आले. दाढी वाढलेली, शर्ट तोच. त्यानं टेबलावरचा फोटो बघितला, शेजारचा कागद बघितला. रामजी उठून उभा राहिला. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं आणि या खेपेला शब्दही आले. लियांगनं ते ऐकले की नाही कळलं नाही. तो खाली वाकून रामजीनं काढलेलं अक्षर बघत होता. मग त्यानं शेवटच्या दोन रेघांवर, गुडघे मुडपलेल्या माणसावर, बोट ठेवलं.

"मेरा बाप सही था," तो म्हणाला, "नीचे वाला चिल्लाया नहीं." आणि शिपायांबरोबर निघून गेला.

बाहेर बाकावर भागीरथा आणि श्रावस्ती बसल्या होत्या. आत रामजीला सही करायला अजून तीन पानं बाकी होती.